बाळंतखोलीतला शिरजोर ताप

१

गोरोबाची बायको पारू बाळंतपणातल्या तापानं गेली, आणि तिची राख सावडायच्या आत आमच्या कळंबानं ठरवून टाकलं की तिला जलील कंपाउंडरनं मारली.

मी आडतीवर तुरीचं माप बघत बसले होते. महारुद्रअप्पा धापा टाकत आले. हे आमच्या दवाखान्याच्या कमिटीचे अध्यक्ष, कापडाचे व्यापारी. आवाज असा, की शेजारच्या गल्लीतल्या म्हशीनं पान्हा चोरावा.

"अक्का, उठा! चोर घावला!"

"कसला चोर?"

"पेनिसिलिनचा! तो जलील्या! खऱ्या बाटल्या बाहेर इकायचा आन् बाळंतिणींना पाणी टोचायचा. पारू उगं मेली व्हय?"

मी उठले. दवाखाना गावानं वर्गणी काढून उभा केलेला. त्यातली बाळंतखोली मी आमच्या मालकांच्या नावानं बांधून दिली. ते गेल्यापासून आडत मीच चालवते. काटा मारणारा हमाल मला लांबून ओळखू येतो. तोंडानं फटकळ म्हणून माझं नाव आहे, ते काही खोटं नाही. आणि डॉक्टर उत्तरेश्वरांना सोलापूरहून कळंबात आणलं तेही मीच. माझा मानलेला भाऊ. दर भाऊबीजेला माझ्या पाटावर बसायचे. यंदा तर त्यांनी पुरणपोळी आणि आमटीला चमचा मागितला. "साहेब झालात की हो, भाऊ," म्हणून मी हसले होते.

दवाखान्याच्या ओसरीवर ही गर्दी. जलील खांबाला टेकून उभा होता, मान खाली. फौजदार आले होते. डॉक्टर खुर्चीत बसून होते, चेहरा उतरलेला.

"भाऊ, काय म्हणतात हे लोक?"

"मी काय बोलू, अक्का? मोजल्यावर बाटल्या कमी भरल्या, ते मीच अप्पांच्या कानावर घातलं. कपाटाची किल्ली जलीलकडंच असते." डॉक्टरांनी डोळे पुसले. "पोटच्या पोरासारखा वागवला त्याला."

ते खरंच होतं. पोलीस अ‍ॅक्शननंतर जलीलला कुणी दारात उभं करत नव्हतं, तेव्हा डॉक्टरांनीच त्याला काम दिलं. निजामाचं राज्य जाऊन दहा-अकरा वर्षं झाली होती, तरी नाव जलील असलं की आमच्या गावाला पुरावा जरा कमीच लागायचा.

"देवमाणूस हाय हा!" महारुद्रअप्पा गर्दीला सांगत होते. "केवढा हातगुण! आख्खा तालुका बाळाला पहिला मध चाटवायला यांचं बोट मागतो. आन् स्वतःच्या नातवाला मध चाटवायला यांनी कुणाला बोलावलं? मला! इतकं मोठं मन!"

मी जलीलसमोर गेले. "बोल रे."

"म्या चोरी केली न्हाय, अक्का."

"मग बाटल्या कुठं गेल्या?"

तो गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्प.

"बघा! तोंड शिवलंय!" अप्पा ओरडले.

आत बाळंतखोलीत जलीलची एकुलती लेक जैनबबी दिवस भरून पडली होती. बापाला बेड्या पडलेल्या तिनं बघायच्या का? मी फौजदारांना म्हणाले, "साहेब, बाजाराच्या दिवसापर्यंत थांबा. तोवर हा कुठं जाणार नाही, मी जामीन. तोवर चोर मी दाखवते. नाही दाखवला, तर याला घेऊन जा."

फौजदार भला माणूस. मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "बाजारापर्यंतच हं, अक्का."

२

घरी येऊन मी चूल पेटवली आणि डोकं चालवलं.

आडतीवर एक गोष्ट शिकले. पोत्यात खडे घालणारा पोती कमी पडू देत नाही. खडे घालतो तो वजन भरण्यासाठीच. मग जलीलनं खरं औषध काढून पाणी भरलं असेल, तर बाटल्या कमी कशा भरतील? तो भरलेल्या बाटल्या नीट मांडून ठेवील. आणि नुसत्या बाटल्या उचलून विकल्या असतील, तर उरलेल्यात औषध खरंच असणार. मग पारूला गुण का नाही आला? एका माणसावर दोन आळ, आणि एक आळ दुसऱ्याला खातोय. पण गाव भरात होतं, कुणाला सुचायला फुरसत होती!

तरी खात्री करावी म्हणून सकाळच्या यष्टीनं येरमाळ्याला गेले. जलील आठवड्याला तिकडं औषधं घेऊन जायचा. फाट्यावर गुंडाप्पाचं चहाचं दुकान. गुंडाप्पाला मध्यंतरी न्युमोनिया झाला होता, तिरडी बांधायचीच बाकी होती.

आता गडी भजी तळत होता!

"कुणी वाचवलं रं तुला?"

"जलीलभाईनं की, अक्का. पारूला सुया चालू होत्या तवाच. 'हे खोकं पारूसाठी फोडलंय, त्यातलंच तुला देतो,' म्हनला. तिसऱ्या सुईला घाम फुटला आन् उठून बसलो. ती बिचारी मात्र गेली."

एकच खोकं. गुंडाप्पा उठला, पारू गेली. म्हणजे माल अस्सल होता. औषध खोटं नव्हतं, रोगच औषधाला जुमानत नव्हता. असं कुठं असतं का?

तीच यष्टी पुढं बार्शीला जाते. तिथं माझ्या ओळखीच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांना सगळं सांगितलं, पारूसारख्याच आणखी कितीजणी बाळंतखोलीत पडल्यात तेही. बाळाच्या तोंडाशी आधी बारीक फोड येतात, मग आईच्या थानाला गाठ, पू, मग ताप, आणि पेनिसिलिन म्हणजे पाणी.

बाई खुर्चीत पुढं सरकल्या. "अक्का, हे आता मोठमोठ्या दवाखान्यांत व्हायला लागलंय. जंतू पेनिसिलिनला सरावतो. एखाद्याला गळू झालं, दोन सुया घेतल्या, ठणका थांबला की सोडून दिलं, पुन्हा उठलं की पुन्हा दोन. अर्धवट मार खाऊन जो जंतू उरतो, तो शिरजोर. मग त्याला पेनिसिलिन म्हणजे पोटात दूध गेल्यासारखं."

"आणि तो एकीकडून दुसरीकडं जातो कसा?"

"माणसाबरोबर. कुणाच्या नाकात बसतो, कुणाच्या हातावर, कुणाच्या फोडात. तो माणूस मात्र हिंडतो-फिरतो. तुमच्या बाळंतखोलीत असं एक माणूस आहे, जे त्या प्रत्येक बाळाला शिवलंय. बाळाच्या तोंडातून तो जंतू आईच्या अंगावर जातो. ते माणूस शोधा."

परतीच्या गाडीत माझ्या डोळ्यासमोर एकच नाव होतं, नागम्मा.

३

नागम्मा आमची सुईण. आळंदकडची, निम्मं कानडी बोलायची. सगळी बाळं तिच्याच हातावर. मी तिला मागच्या पडवीत गाठली आणि आधी तिचे दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले. खरखरीत, पण स्वच्छ. कुठं ओरखडासुद्धा नाही.

"अय्यो, अक्का! माझ्यावर संशय?" तिचे डोळे भरले. "माझ्या हातानं रोग गेला असता, तर सगळ्याच नसत्या का पडल्या? हसीनाबी पारूच्या शेजारच्या खाटंवर होती. तीबी माझ्याच हातची. तिला काय झालं? डॉक्टरसाहेबांच्या लेकीलाबी मीच सोडवली. नातू कसा गुटगुटीत हाय!"

बाई रडत होती, पण बोलणं बिनतोड होतं. दोघी वाचल्या होत्या. त्या दोघींचं असं काय वेगळं?

हसीनाबीच्या घरी गेले. पोरगं पाळण्यात हातपाय झाडत होतं, अंगावर पुरळ नाही की फोड नाही.

"तुझं सगळं पारूसारखंच झालं का गं?"

"सगळं तेच, अक्का. पाणी तेच, खोली तीच, नागम्माच. जेवण तेवढं घरचं, पर पारूचंबी घरचंच व्हतं."

"बाळाच्या तोंडात पहिलं काय घातलं?"

"खजूर. आमचे दादा चाँदपाशा हायत ना, त्यांनी चावून लावला. डॉक्टरसाब मधाचं बोट घेऊन आले व्हते. पर दादा म्हनले, पयला मान माझा. म्हाताऱ्याचा राग लई वाईट, अक्का. डॉक्टरसाब हसून मागं फिरले."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

तिथून उठले ती घरोघर हिंडले. ज्यांची बाळं फोडांनी भरली होती त्या सगळ्यांना एकच प्रश्न. मध कुणी चाटवला? हिंदू असो की मुसलमान, पाटलीण असो की मजुरीण, जी ती कौतुकानं एकच सांगे. डॉक्टरांनी. ज्याचं बोट त्याचे गुण उतरतात म्हणून पायऱ्यांवर ताटकळत उभं राहून मागून घेतलेलं बोट.

आणि डॉक्टरांचा नातू? त्याला मध महारुद्रअप्पांनी चाटवला. अप्पाच सांगत होते की, ओरडून ओरडून.

मी रस्त्यातच मारुतीच्या पारावर टेकले. भाऊबीजेचा चमचा आठवला. उजवा हात ताटात घालायचा नव्हता माणसाला. मी मेली हसले होते. आणि ते अधूनमधून दोन-चार दिवस 'गावाला' जायचे, तेही आठवलं.

नाही, नाही, असं नसेल. मी स्वतःलाच झापलं. ज्याला ओवाळलं त्याच्याबद्दल असं मनात आणायचं? बोटाला काही झालं असेल, तर त्यांना बिचाऱ्यांना कळलं नसेल. हे मी मनाला चारदा सांगितलं. पण मग नातवाच्या वेळी अप्पांना का बोलावलं? सारा तालुका ज्या बोटासाठी रांग लावतो, ते बोट घरच्याच बाळाला का नको झालं?

आणि पारूचं बाळ नातवाच्या मागाहून जन्मलं होतं.

४

जलील घरच्या ओट्यावर बसला होता. बायको रजियाबी आत कुणाशी न बोलता भाकरी थापत होती. शेजारपाजाऱ्यांनी येणं-जाणं तोडलं होतं.

"जलील, तू गप्प बसशील, ते जगात दोघांसाठीच," मी म्हणाले. "एक तुझी लेक. आणि दुसरा कोण, ते मी सांगू?"

त्यानं वर बघितलं नाही.

"बाटल्या डॉक्टरांच्या अंगात गेल्या. त्यांच्या बोटाला नखुरडं झालंय. अधूनमधून सुजतं, पू धरतं. सुजलं की डॉक्टर गावाला गेले म्हणून सांगायचं, तू गुपचूप सुया टोचायच्या. उतरलं की बंद. व्हय का न्हाय?"

"अक्का, मला इचारू नका. शब्द दिलाय. ज्याच्या हातगुणावर दवाखाना चालतो त्याचंच बोट सडलंय म्हनल्यावर लोक काय म्हनतील? तेवढ्यासाठी दिला व्हता शब्द."

"आणि पारू?"

आता त्याचा बांध फुटला. "पारूच्या बाळाला फोड आले तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. म्या जाऊन सायबांना सांगितलं. म्हनलं, साब, बोट बरं होईस्तोवर मध चाटवू नका. ते म्हनले, येडा झालास का. आन् चार दिसांनी बाटल्या मोजायला काढल्या."

रजियाबीची भाकरी थापायची थांबली. त्यांना कळलं होतं, आणि ज्यानं कळवलं त्यालाच त्यांनी चोर ठरवून मोकळं केलं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

तेवढ्यात दवाखान्याचा गडी पळत आला. "जलीलभाई, जैनबबी सुटली! मुलगी झाली! डॉक्टरसाब म्हनाले, बाप चोर असला तरी पोरीचा काय दोष, मी स्वतः मध चाटवतो. गाव गोळा झालंय बघायला!"

जलील उठला तो थेट माझ्या पायाशी. "अक्का, मला कोन आत सोडनार न्हाय. तुमी पळा! माझ्या नातीला ते बोट लावू देऊ नका!"

५

ह्या वयात मी कधी पळाले नव्हते. त्या दिवशी पदर खोचून भर पेठेतनं पळाले.

बाळंतखोलीच्या दारात गर्दी. महारुद्रअप्पांचं भाषण चालू होतं, देवमाणसाचं मन बघा म्हणून. फौजदारही कौतुकानं उभे होते. आत डॉक्टर जैनबबीच्या खाटेशी. नागम्माच्या हातात मधाची बरणी, आणि डॉक्टरांचं बोट मधात.

"भाऊ, थांबा!"

डॉक्टर हसले. "या अक्का. बरं झालं आलात."

"मध अप्पांना चाटवू द्या."

"अप्पांना? का?"

"तुमच्या नातवाला त्यांनीच चाटवला ना? तो बघा कसा ठणठणीत आहे. या पोरीलाही तेच बोट हवं."

डॉक्टरांचं हसू चेहऱ्यावरच राहिलं. बोटावरून मध खाली ओघळत होता. मी पुढं होऊन त्यांचं मनगट धरलं आणि हात उजेडात आणला. नखाच्या कडेला कातडी काळीनिळी, दाबली तशी पांढरी टिपकी वर आली. नागम्मानं बरणी खाली टाकली. जैनबबीनं लेकरू छातीशी ओढून घेतलं.

"अक्का, इथं नको," डॉक्टर पुटपुटले.

फौजदार, अप्पा, मी आणि डॉक्टर औषधाच्या खोलीत गेलो. मी सगळं सांगितलं. गुंडाप्पा, हसीनाबी, बार्शीच्या बाई, बाटल्या. अप्पांनी उठून दाराची कडी लावली. स्वतःच्या मोठेपणाची जी गोष्ट ते गावभर सांगत होते, तीच डॉक्टरांच्या गळ्याशी आली होती.

"भाऊ, एकच सांगा," मी म्हणाले. "नातवाच्या वेळी तुम्हांला कळलं होतं?"

त्यांनी बोटावरचा मध रुमालाला पुसला. मग म्हणाले, "शंका होती."

"शंका होती म्हणून नातू वाचवलात. मग पारूच्या बाळाला बोट का लावलं?"

"गोरोबा हात जोडून उभा होता, अक्का. सगळे बघत होते. नाही म्हटलं असतं, तर का म्हणून विचारलं असतं. माझ्याकडं दुसरं आहे काय? शहरात माझ्यापेक्षा शिकलेले पन्नास डॉक्टर आहेत. इथं माझ्या हाताला लोक देव मानतात."

"आणि आत्ता? आत्ता तर खात्री होती! त्या पोरीच्या तोंडात बोट घालायला निघाला होतात!"

"लोक जमले होते," ते म्हणाले. एवढंच.

"आणि जलील? त्याला बेड्या घालायला निघालात, तो तोंड उघडील याची भीती नाही वाटली?"

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना प्रश्नाचंच नवल वाटलं असावं. "जलील?" ते म्हणाले. "तो कशाला बोलतोय. तो नसता बोलला."

त्या माणसाला मी पाटावर बसवून ओवाळलं होतं. माझा हात उठला होता, पण फौजदारांनी धरला.

६

डॉक्टरांनी कबूल केलं, की बाजाराच्या दिवशी चावडीसमोर उभं राहून स्वतःच्या तोंडानं सांगतो. फौजदारांनी विश्वास ठेवला. मीसुद्धा ठेवला, काय सांगू! बाजाराच्या सकाळी पहिल्या यष्टीनं ते गेले. घराला कुलूप.

मग मीच चावडीवर उभी राहिले. पारूपासून सगळं सांगितलं. फौजदारांनी जलील निर्दोष म्हणून जाहीर केलं. गोरोबा ऐकता ऐकता मातीत बसला, पारूचं बाळ त्याच्या खांद्याला. त्याला कुणी उठवलं नाही, कारण बाकीचे वेगळ्याच बोलण्यात होते.

"एवढा गुणी माणूस गावानं घालवला," एकजण म्हणाला.

दुसरा म्हणाला, "पर सुया कोन टोचत व्हतं? जलीलच ना? नीट टोचल्या असत्या, तर सायबाचं बोट बरं झालं नसतं का?"

आणि माना डोलल्या! मी तोंडाला येईल ते बोलले. सात पिढ्या काढल्या त्यांच्या. काही उपयोग झाला नाही. माणसं निघून जोंधळ्याचा भाव विचारायला लागली.

संध्याकाळी जलीलकडं गेले. आजारी बाळंतिणींना बार्शीच्या बाई बघणार होत्या, जैनबबी आणि पोरगी दोघी ठीक होत्या. कमिटीनं त्याला कामावर परत बोलावलंय हे मी सांगितलं. चावडीवर लोक काय बोलले तेही सांगितलं, कारण कुणीतरी सांगणारच होतं. तो सगळं ऐकून घेत होता, पण त्याचं ध्यान दुसरीकडंच होतं. रजियाबी चहा ठेवून आत गेली तेव्हा तो हळूच म्हणाला,

"अक्का, साब जाताना माझ्यासाठी काय सांगून गेले का?"

फटकळ म्हणून माझं नाव आहे. पण त्या वेळी मी चहाच्या कपाकडं बघत बोलले.

"न्हाय रे," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. मग रस्त्याकडं बघितलं.

"गडबडीत आसतील," तो म्हणाला.